न लागलेल्या दिव्याचे गुण

मुक्ताई खंडारे मूळच्या वाशिमच्या. धायरीतल्या एका शाळेत त्या बरीच वर्षं विज्ञान शिकवत होत्या. शाळेने मुलांच्या नवनिर्मितीच्या कौशल्याला गुण द्यायचं ठरवलं, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत सगळे वैतागले. मुक्ताईबाई मात्र खूश झाल्या. पाठ करून मिळत नाहीत असे गुण अखेर कुणीतरी मागत होतं.

त्यांची पद्धत साधी होती. मुलाशेजारी बाकावर बसायचं आणि विचारायचं, "हे कुणासाठी केलंस? कुठे बिघडलं? मग काय बदललंस?"

नववीतली राजनंदिनी वर्गात सहसा बोलायची नाही, पण या प्रश्नांना ती भरभरून उत्तरं देऊ लागली. तिच्या घरी नळाला पाणी कधी येईल याचा नेम नव्हता आणि आजीला, तुळजाबाईंना, अजिबात ऐकू येत नव्हतं. नळाचं पाणी वाहून जायचं आणि घरच्यांची बोलणी आजी खायची. म्हणून राजनंदिनीने नळाखालच्या डब्यात थर्माकोलचा तुकडा तरंगत ठेवला. पाणी चढलं की तारा जुळणार आणि आजीच्या खाटेपाशी दिवा लागणार.

पहिल्यांदा नळातून नुसती हवा आली तरी तुकडा हलायचा. "दिवा लागतुया, पर पानी न्हाय," आजी म्हणाली. मग तारा गंजल्या. राजनंदिनीने डबा बदलला, तारा बदलल्या. शेवटी एका दुपारी मुक्ताईबाई तिच्या घरी गेल्या असताना दिवा लागला आणि आजी हंडा घेऊन उठली. आजीचा चेहरा बघून बाईंना भरून आलं.

शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनाच्या दिवशी मात्र शाळेत आणताना कुठेतरी तार सुटली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी बाटलीतलं पाणी डब्यात ओतलं. दिवा लागला नाही. ते पुढच्या टेबलाकडे वळले. तिथे तिच्याच वर्गातल्या केयूरने दुकानातून आणून जोडलेली गाडी झोकात फिरत होती.

तरीही मुक्ताईबाईंनी राजनंदिनीला सर्वांत वरची श्रेणी दिली. केयूरच्या वडिलांनी तक्रार केली. मुख्याध्यापक बद्रीनाथ सरांनी बाईंना बोलावलं.

"बाई, आपण गुण वस्तूला देता की हेतूला?"

"विचाराला देते, सर. तिच्या घरी दिवा लागलेला मी पाहिलाय."

"अहो, घरोघरी जाऊन गुण द्यायचे तर शाळा कशाला उघडी ठेवायची?"

श्रेणी खाली आली. दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून बाईंनी स्वतःच राजनंदिनीला सांगितलं.

"म्हणजे माझं चुकलं का, बाई?"

"नाही गं. तुझं काही चुकलं नाही."

"मग गुण का कमी झाले?"



पुढे पालकसभेला तुळजाबाई आल्या. "पोरीनं दिवा काढून टाकला, बाई," त्या म्हणाल्या. "का म्हून इचारलं, तर नुसती मान हालवती."

दहावीत राजनंदिनीने विकतचा संच आणला. बटण दाबताच पंखा फिरला. बाई शेजारी बसल्या. "कुठे काही बिघडलं का?"

"नाही. पुस्तिकेत दिलं होतं तसंच जोडलं."

पंखा चालत होता, म्हणून तिला पैकीच्या पैकी गुण पडत होते. मुक्ताईबाईंनी ते दिले आणि त्याच आठवड्यात या कामातून आपल्याला मोकळं करा, असं सरांना सांगितलं. सरांनी कारण विचारलं नाही.

निरोपसमारंभाला राजनंदिनी पाया पडायला आली. पुढे काय करणार, असं बाईंनी विचारलं.

"कॉमर्स. सायन्स आपलं काम नाही, बाई."

तू विज्ञानच घे, असं म्हणायला बाईंनी तोंड उघडलं. पण मैत्रिणी फोटोसाठी हाका मारत होत्या. "जा," त्या म्हणाल्या आणि तिच्या खांद्यावरचा हात काढून घेतला.