सुगलाची चिन्नी

सुगला गेली. तिसऱ्या दिवशी तिच्या घरी बसायला गेले, तर तिचा मोठा दीर येईल त्याला एकच वाक्य ऐकवत होता. "लई गुणाची बाई. चाळीस वर्सांत कदी उलटा शब्द न्हाय." माणसं माना डोलवत होती आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. दिवाळीपासून तिच्या पोटात दुखत होतं. ही गुणाची बाई पोट धरून भाकऱ्या थापत राहिली, आणि दवाखान्यात नेलं तोवर डॉक्टरांच्याही हातात काही उरलं नव्हतं. "तिनं सांगितलंच न्हाय की," म्हणतात. अहो, विचारलं होतं का कुणी?

लहानपणी सोलापुरात आमची घरं भिंतीला भिंत लावून. तिच्या घरी कानडी आणि मराठी दोन्ही चालायच्या. मला कानडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. सुट्टीत ती मला आपल्या आजोळी न्यायची, अक्कलकोटच्या पुढं, राज्याची हद्द ओलांडून. पंच्याहत्तर-शहात्तर साल असेल. आमच्या गल्लीत टीव्ही कुणी डोळ्यांनी पाहिला नव्हता, आणि त्या एवढ्याशा खेड्यात, शाळेच्या ओट्यावर, सरकारनं टीव्ही आणून ठेवलेला! वर उपग्रहावरचे कार्यक्रम पकडायला कोंबड्यांच्या जाळीची भली मोठी छत्री. वर्षभर ठेवला, मग आले आणि घेऊन गेले. पण त्या वर्षातल्या दोन सुट्ट्या आम्ही त्याच्यासमोर मातीत बसून काढल्या. कार्यक्रम सगळे कानडीत. सुगला माझ्या डाव्या बाजूला बसायची आणि तोंडाला हात लावून माझ्या कानात मराठी सांगायची. बाहुल्यांचा एक खेळ लागायचा. त्यात ठिपक्यांच्या परकरातली चिन्नी नावाची पोर होती. बाप हात नाचवून तिला काहीबाही सांगायचा आणि ती मान हलवायची.

"काय म्हणती ती?" मी विचारायची.

"म्हणती, लगीन करत न्हाय, जा! मी केमला जाऊन रेल्वेचं इंजिन चालवणार हाय."

कानडी बाहुलीला करमाळ्याकडचं केम कुठून माहीत, हा प्रश्न मला कधी पडला नाही. सुगला जन्मात एकदाच रेल्वेत बसली होती, तेव्हा गाडी केमला थांबली होती.

सोळाव्या वर्षी मला टेंभुर्णीचं स्थळ आलं. मुलाकडचे सुपारी फोडायच्या तयारीनंच आले होते. मी आप्पांपुढं उभी राहिले. डोक्यात चिन्नी होती. "मला शिकायचंय," म्हणाले. आप्पांनी आठवडाभर बोलणं टाकलं, आई रडली, पण शेवटी मला कॉलेजात घातलं. मी मास्तरीण झाले, ती त्या बाहुलीमुळं. आणि सुगला? माझ्यापेक्षा दुप्पट हुशार पोर, गणितं तोंडी सोडवायची. तिला नववीतनं काढलं आणि उजवून टाकलं. तिनं मान हलवली.

गेल्या दिवाळीत तिच्या भाच्यानं मोबाईलवर काय शोधून काढावं? तोच बाहुल्यांचा खेळ! "मावशी, तुमी दोगी सारखं सांगता ते हेच का बगा," म्हणाला. आम्ही दोघी पलंगावर टेकलो, पुढ्यात चहा, चिवडा. आता मात्र मला कानडी येत होती. हद्दीवरच्या शाळांत तीस वर्षं काढलीत मी. बाप सांगत होता, ज्वारीच्या बियाण्याला औषध चोळ. नंतर हात धू. आणि चिन्नी दर वेळी मान हलवून म्हणत होती, "हौदप्पा." हो बाबा. हो बाबा. हो बाबा. एवढंच!

"सुगले, हे काय?"

"मग काय सांगू तुला? बियान्याला औषद लावा म्हनून? तू उटून गेली असतीस की."

ती हसत होती, आणि मी भडकले. नको इतकी भडकले. "ते सगळं तुझं होतं? तुझ्या डोक्यातलं? मग स्वतःच्या बापाला का नाही सांगितलंस? मला पुढं ढकललंस आणि आपण मान हलवत बसलीस!"

तिचं हसू गेलं. "कानात सांगाया सोपं असतंय गं," एवढंच म्हणाली.

चहा तसाच टाकून मी निघून आले. संक्रांत गेली, शिवरात्र गेली, मी फिरकले नाही. मोठी स्वाभिमानाची! जन्मभरात ती एकाच कानात खरं बोलली होती, आणि तो कान मी रुसून घरी घेऊन बसले. पोटातलं दुखणं ती मला सांगणार होती... दुसरं कुणाला सांगणार? तिच्या बापाचा, दिराचा, सगळ्यांचा राग येतो. पण त्यांच्याहून जास्त माझा येतो, आणि तो जाता जात नाही.

म्हणून त्या दिवशी दीर चौथ्यांदा "कदी उलटा शब्द न्हाय" म्हणाला, तशी मी उठले. "होता," म्हटलं. "लई होते. तुमच्यापर्यंत आले न्हाईत." बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. बघू देत.

परवा भाच्याकडून तो खेळ माझ्या मोबाईलवर मागवून घेतला. लावला आणि आवाज बंद केला. बाप हात नाचवतो, चिन्नी मान हलवते. मी डावीकडं कलते आणि मोठ्यानं विचारते, "काय म्हणती ती?"