बनुबाईंनी विचारलं

रहिमतपुरात बनुबाईंच्या हातची आंघोळ झाली नाही असं मूल त्यांच्या आळीत सापडायचं नाही. पाय पसरून पाटावर बसायच्या, तेल लावलेलं बाळ पायांवर उताणं घ्यायच्या आणि रडणारं पोर त्यांच्या हातांखाली हळूहळू गप्प व्हायचं. बाळंतिणींनाही त्याच न्हाऊ घालत. बोलणं मात्र फार नाही.

यंदा त्यांच्या स्वतःच्या घरात बाळ आलं. सून प्रियदर्शनी सांगलीची. तिची आई लहानपणीच गेलेली, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं. मुलगा वीरधवल कुपवाडच्या कारखान्यात कामाला, सुट्टीला घरी यायचा. त्यामुळे घरात दोघी बायका आणि तान्हं बाळ.

सुरुवातीला सगळं ठीक वाटलं. मग बनुबाईंच्या लक्षात आलं की सुनेच्या ताटात भाकरी तशीच उरते. डिंकाचा लाडू ती हातात घेते आणि परत ठेवते. पाणी तर नावालाच. दूधही कमी झाल्यासारखं वाटत होतं, बाळ पिता पिता चिडायचं. वीरधवलनं फोनवर विचारलं तर ती म्हणायची, भूक नाही.

एका सकाळी न्हाणीत तिच्या पाठीवर कढत पाणी घालताना बनुबाईंना दिसलं, पाटावर बसताना ती ओठ दाबून घेते आहे. त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"पोट साफ होतंय का गं तुझं?"

सुनेनं मान खाली घातली. मग रडू आवरत तिनं सांगितलं. बाळंतपणात घातलेले टाके तुटतील या भीतीनं ती संडासला जायचंच टाळत होती. जायला लागू नये म्हणून खाणंही कमी केलं होतं. दवाखान्यातून निघताना डॉक्टरांनी शौच मऊ होण्याचं औषध दिलं होतं, पण बाटली तिनं उघडलीच नव्हती. बाळाला बघायला आलेल्या शेजारणीनं सांगितलं होतं, की आईनं घेतलेलं सगळं दुधात उतरतं, लेकराला जुलाब लागतील.

"मी दुखणं सोसंन आत्या," ती म्हणाली. "त्याला काय झालं तर?"

सासूला ती आत्याच म्हणायची. बनुबाई तिचे केस पुसत राहिल्या. पुसता पुसता म्हणाल्या, "माझ्या येळंला मीबी असंच खायाचं सोडलं हुतं. कुणाला सांगावं तेच कळंना. कुणी इचारलंबी न्हाई." मग म्हणाल्या, "दुधाचं मला ठाऊक न्हाई बाई. ज्यांनी औषध दिलं, त्यांनाच इचारू."

बाळाला दुपट्यात गुंडाळून दोघी रिक्षानं दवाखान्यात गेल्या. तिथं प्रियदर्शनीला बोलवेना, तेव्हा बनुबाईंनीच सगळं सांगितलं, शेजारणीच्या बोलण्यासकट. चालत असेल तर घरचं एरंडेल देऊ का, असंही विचारलं.

डॉक्टरबाईंनी टाके तपासले. टाके चांगले होते. मग त्यांनी समजावलं की हे औषध आतड्यातच राहून काम करतं, रक्तात जवळजवळ जात नाही, मग दुधात कुठून येणार? सांगितलंय तेवढंच घ्यायचं आणि बाळाला नेहमीसारखं पाजायचं. तरीही त्याला पातळ शी होऊ लागली किंवा तो पिईनासा झाला, तर लगेच घेऊन यायचं. एरंडेल किंवा दुसरं कुठलंही जुलाबाचं औषध मात्र आपल्या मनानं घ्यायचं नाही. "आणि पाणी भरपूर. बाळंतिणीला पाणी तोडू नका," त्या बनुबाईंकडे बघून म्हणाल्या.

आजवर बनुबाई बाळंतिणींना पाणी बेतानंच द्यायच्या, त्यांच्या सासूनं तसंच शिकवलेलं. त्या दिवसापासून सुनेच्या उशाशी कोमट पाण्याचा तांब्या राहू लागला. जेवणात शेपूची भाजी, वरण आणि मऊ भात आला. औषध घेतल्यावर पहिले काही दिवस प्रियदर्शनी बाळाचा प्रत्येक लंगोट निरखून बघायची आणि बनुबाईंना दाखवायची. त्याही चष्मा लावून बघायच्या. काही बिघडलं नव्हतं.

मग एका सकाळी ती न्हाणीघरामागच्या संडासातून बाहेर आली ती हलक्या चेहऱ्यानं. चुलीपाशी येऊन बसली आणि म्हणाली, "आत्या, भाकरी हाय का?"

बनुबाईंनी तव्यावरची गरम भाकरी तिच्या ताटात टाकली आणि वर लोण्याचा गोळा ठेवला. बाळ झोपलं होतं. तिनं सगळी भाकरी खाल्ली, अजून अर्धी मागितली.

आता बनुबाई आळीत कुणाच्याही घरी न्हाऊ घालायला गेल्या की आधी दार लोटून घेतात. पाठीवर पाणी ओतता ओतता हळूच तोच प्रश्न विचारतात. पोरी आधी लाजतात, मग बोलतात.