माणसात आणणारी

मला सगळे चादरमावशी म्हणत. लढाईच्या दिवसांत लष्करी इस्पितळाची कपडेखोली माझ्या ताब्यात होती. चादरी, उशांचे अभ्रे, रोग्यांचे पट्ट्यापट्ट्यांचे सदरे-लेंगे, सगळं मोजून घ्यायचं, मोजून द्यायचं. खोली ऐसपैस होती आणि तेच नडलं. एक दिवस वरून हुकूम आला, अर्धी खोली रिकामी करा, तिथे वाचनालय होणार. मी म्हटलं, इथे अंग पुसायला फडकी पुरत नाहीत आणि यांना पुस्तकं सुचतायत! पण माझ्या बोलण्याला कोण भीक घालतो?

दुसऱ्याच दिवशी एक पोरगी आली. बावीस-तेविशीची, फुंकर मारली तर उडेल अशी, चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली. बाप घड्याळं दुरुस्त करायचा, आई लहानपणीच गेलेली. मी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मनात म्हटलं, ही आठवडाभर टिकली तरी खूप.

गावातल्या लोकांनी सैनिकांसाठी पुस्तकं दान केली होती. दान कसलं, घरातली अडगळ काढली होती. शेवटची पानं गळालेल्या कादंबऱ्या, जुनी वेळापत्रकं, कोंबड्यांच्या रोगांवरचं एक जाडजूड पुस्तक, आणि ‘जकातीचे नियम, भाग दुसरा’. भाग पहिला कुणाच्या माळ्यावर राहिला देव जाणे. पोरीने मात्र एकेक पुस्तक उन्हात वाळवलं, खळीने चिकटवलं, त्याला खाकी कागदाचं कव्हर घातलं. खळीचे थेंब माझ्या धुतलेल्या चादरींवर पडले आणि आमचं पहिलं भांडण झालं. ती गुपचूप उठली आणि चादर धुऊन वाळत घालून आली. असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

आमच्या इस्पितळात हातपाय तुटलेले येत नसत. इथे यायचे ते अंगावर ओरखडाही नसलेले. ताट पडल्याचा आवाज झाला तरी खाटेखाली शिरणारे, स्वतःचं नाव विसरलेले, हात इतके थरथरणारे की पाण्याचा पेला तोंडापर्यंत रिकामाच पोचायचा. आसपासच्या सगळ्या मुलखात असल्या माणसांसाठी हे एकच इस्पितळ होतं.

डॉक्टर म्हातारा होता, हळू बोलायचा, वाईट म्हणावा असा नव्हता. त्याचं म्हणणं एवढंच, की माणूस एका जागी बसून पान वाचू लागला म्हणजे त्याचं डोकं ठिकाणावर येतंय असं समजावं. म्हणून तर पोरीला नेमलं होतं. चहाच्या जुन्या गाडीवर पुस्तकं लादून ती वॉर्डातून फिरायची, आणि दर शनिवारी कुणी किती वाचलं ते डॉक्टरला कळवायची.

तिची पद्धत तिनेच काढली होती. या माणसांची नजर ओळीच्या टोकाला गेली की परत पुढची ओळ सापडायची नाही, मग बिचारी माणसं घाबरी व्हायची. पोरगी ओळीखाली पुठ्ठ्याची पट्टी धरायची. एक ओळ ती वाचणार, पुढची त्याने वाचायची. न वाचली तर गप्प बसून राहायचं, तासभर लागला तरी. मला तर बघूनच जांभया यायच्या. पण माणसं वाचू लागली. सैनिक तिला ताई म्हणू लागले आणि म्हणायचे, “ताई माणसात आणते.”

सुरुवातीला ती उड्या मारत यायची. “मावशी, खिडकीजवळच्याने आज अख्खा धडा वाचला!” पुढच्या सोमवारी खिडकीजवळची खाट रिकामी. असं तीन-चारदा झाल्यावर तिने विचारलं, “हे बरे झालेले घरी जातात ना?”

मला गोड बोलायची सवय नाही. मी म्हटलं, “घरी कसले? सोमवारची गाडी आघाडीवर जाते. तू ज्याला बरं करतेस तो त्या गाडीत बसतो.”

ती स्टुलावर बसली, ती संध्याकाळपर्यंत उठली नाही. सकाळी जाऊन तिने डॉक्टरला सांगितलं, मी काम सोडते. डॉक्टरने तिला शेवटच्या वॉर्डात नेलं. तिथे एक जण भिंतीकडे तोंड करून स्वतःचे केस उपटत होता. डॉक्टर म्हणाला, “याला असाच राहू देऊ का? तू सांगशील तसं.” इकडे आड, तिकडे विहीर. पोरगी परत आली आणि पुस्तकांची गाडी घेऊन निघाली. त्यानंतर तिने उड्या मारल्या नाहीत.

मग फरशीवाला आला. लढाईआधी तो लोकांच्या घरी फरशा बसवायचा. आला तेव्हा तोंडातून शब्द नाही, दिवसभर जमिनीवर बसून बोटाच्या पेराने फरशी ठोकायचा, ठक, ठक. बाकीचे कावायचे. पोरगी त्याच्याजवळ जमिनीवर बसली आणि पट्टी धरली. कितीतरी दिवस गेले, आणि एका दुपारी तो ओळ वाचायच्या ऐवजी तिला म्हणाला, “अहो, तुम्ही बसलाय ना, ती फरशी पोकळ आहे. आवाज ऐका.”

सगळा वॉर्ड तिला ताई म्हणायचा. हा तेवढा ‘अहो’ म्हणायचा. मी दोन पोरींची लग्नं लावलेली बाई, मला काय कळत नव्हतं? मी तिला म्हटलं, “हा तुला ताई का म्हणत नाही गं?” ती कानापर्यंत लाल झाली आणि म्हणाली, “मावशी, तुमच्या अभ्र्यांची मोजणी चुकेल.”

हळूहळू तो पुस्तकं बदलायला माझ्या खोलीत येऊ लागला. एवढी पुस्तकं तो बदलायचा की मला वाटलं आता तो डॉक्टर होतोय. मी चादरींच्या मांडणीमागे असायचे, हे दोघं विसरून जायचे. एकदा मी ऐकलं, तो विचारत होता, “समजा, एखादं घर बांधायचं झालं, तर तुम्हाला फरशी कुठल्या रंगाची आवडेल?”

खाकी कागद कापल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, “राखाडी. मळ दिसत नाही.”

“राखाडी चालेल,” तो म्हणाला. झालं. एवढंच त्यांचं मागणं घालणं आणि एवढाच होकार. मी चादरीत तोंड खुपसून हसले. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं, हे कबूल करते.

इस्पितळाचा एक नियम होता. सहा महिने होऊनही जो सुधारत नाही, त्याला लष्करातून कमी करून घरी धाडायचं. फरशीवाल्याचे सहा महिने महिनाअखेरीस भरणार होते. तेवढे दिवस तो ‘बरा’ ठरला नाही, तर सुटला. पोरीने आयुष्यात पहिल्यांदा खोटं लिहिलं, की याचं लक्ष लागत नाही, पानदोन पानांपुढे जात नाही. आणि ते खरं व्हावं म्हणून तिने त्याला सगळ्यांत कंटाळवाणं पुस्तक दिलं. जकातीचे नियम, भाग दुसरा. कुठल्या मालावर किती जकात, कोणती सूट, कोणता अपवाद. चांगल्या डोक्याच्या माणसाला फेफरं यावं असं.

मी म्हटलं, “अगं, त्याला सरळ सांग की. म्हणावं, गप्प पडून राहा.”

“तो ढोंग करणार नाही, मावशी. पलीकडच्या खाटेवरचा ढोंग करतो म्हणून हा त्याच्याशी बोलतसुद्धा नाही. खोटं माझ्या एकटीच्या माथी राहू दे.”

मला ते पटलं नाही. पण प्रेमात पडलेल्याला अक्कल शिकवायला जाणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

महिना संपायला चारच दिवस उरले असताना डॉक्टरची फेरी झाली. पोरगी गाडी घेऊन दाराशी, मी चादरी बदलत होते. डॉक्टर फरशीवाल्याच्या खाटेशी आला आणि सहज म्हणाला, “काय, वाचन होतंय का?”

फरशीवाला ताठ उभा राहिला. म्हणाला, “पूर्ण झालं, साहेब. कच्च्या कातड्याला वेगळी जकात, कमावलेल्याला वेगळी. माल फुटलेला निघाला तर अर्धी माफ, पण काच असेल तर नाही.” आणि थांबेचना. मीठ झालं, मेण झालं, जनावरं झाली. सगळा वॉर्ड खदखदून हसला, टाळ्या पडल्या. तो पोरीकडे बघत होता, परीक्षेत पहिला आलेलं पोर घरच्यांकडे बघतं तसा. पोरीच्या तोंडाकडे मला बघवेना.

डॉक्टर म्हणाला, “हे पुस्तक जो संपवतो, त्याचं डोकं माझ्यापेक्षा शाबूत आहे.” मग तिच्याकडे वळून हळूच, “तुम्ही तर दोन पानं लिहिली होती.” ती गाडीवरची पुस्तकं सारखी करू लागली. त्याला कळलं असावं. पण चाळीस माणसांनी ऐकलेलं तो कुठे झाकून ठेवणार?

सोमवारी फरशीवाला इस्पितळाचे कपडे परत करायला माझ्याकडे आला. अंगावर गणवेश होता, सैल झालेला. पोरगी कव्हरं घालत होती, वर बघत नव्हती.

तो म्हणाला, “साहेबांचं ते ‘दोन पानं’ मी ऐकलं. मला सांगायचं तरी.”

“सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?”

त्याने सदऱ्या-लेंग्याची घडी माझ्यापुढे ठेवली. मग म्हणाला, “तुम्ही दिलं म्हणून वाचलं हो. नाहीतर जकातीशी माझं काय घेणंदेणं? रोज वाटायचं फेकून द्यावं. पण म्हटलं, एवढं आपल्यासाठी निवडून दिलंय.”

मी बाहेर गेले. मोजायचं काही कारण नव्हतं, तरी व्हरांड्यात उभी राहून वाळत घातलेल्या चादरी मोजत राहिले. बाहेर गाडीचा भोंगा वाजला तेव्हा तो माझ्यासमोरून गेला आणि मला म्हणाला, “मावशी, त्यांच्याकडे बघा.” मी बघतच होते. दुसरं मला येतं काय?

पावसाळा सरायच्या आत तो मेल्याची बातमी आली. पोरगी त्या दिवशीही वॉर्डात गेली. परत आली ती मांडणीमागे जाऊन मोठमोठ्याने रडली, आणि मी तिला रडू दिलं. पुढे बापाने दोन स्थळं आणली. दोघांनाही तिने चहा दिला आणि सांगितलं, माझ्याकडून होणार नाही. ती आजही एकटी आहे.

थंडीत एक बाई आली. काळीसावळी, हातांना कामाचे घट्टे, बरोबर इस्पितळाचा माणूस आणि मध्ये एक तरुण पोरगा. नाकडोळे बघून मी हातातली चादर खाली ठेवली. फरशीवाल्याचा धाकटा भाऊ. तो दुसऱ्या तळावर वेडापिसा होऊन पडला होता. बाई या कचेरीतून त्या कचेरीत पाया पडत हिंडली आणि तिने त्याला इथेच आणवला. ती सरळ पोरीपुढे उभी राहिली.

“आघाडीवर जाताना वाटेत थोरल्याला दोन दिवसांची रजा मिळाली, घरी येऊन गेला. तुमच्याशिवाय दुसरं बोलला नाही. म्हणाला, आई, त्यांनी मला माणसात आणलं.” तिने पोरीचे दोन्ही हात धरले. “पोरी, यालाही आण.”

पोरगी माझ्याकडे बघू लागली. मग मीच बोलले. “बाई, नीट ऐका. इथे बरा झाला की परत धाडतात. थोरला बरा झाला म्हणूनच गेला.”

मला वाटलं ती किंचाळेल. ती म्हणाली, “ठाऊक आहे मला. त्याने सांगितलं होतं. पण हा मला ओळखत नाही, मावशी. भरवायला गेले तर हात चावतो. मी कोण आहे तेच याला कळत नाही. एकदा आई म्हणून हाक मारू दे. मग…”

पोरीने त्या पोराकडे पाहिलं. “मी शिकवेन,” ती म्हणाली, “पण कुणाला कळता कामा नये. सहा महिने ढकलायचे, मग तो तुमचा. त्याने ओळख दाखवली तरी तुम्ही गप्प राहायचं. रडायचं नाही, हसायचं नाही. शपथ घ्या.”

बाईने धाकट्याच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली.

मग माझ्या मांडणीमागे, चादरींच्या आडोशाला त्याचं वाचन सुरू झालं. मी दाराशी राखण करायचे. कुणी आलं की आत ऐकू जाईल अशी जोरात खोकायचे, इतकी की डॉक्टरने मला खोकल्याचं औषध दिलं आणि ते मला प्यावंही लागलं. डॉक्टरला पोरगी लिहून कळवायची, काही फरक नाही. बाई रोज दुपारी यायची, खाटेशी बसायची, दगडासारखं तोंड करून. दिवस ढकलत ढकलत सहावा महिना लागला, तोही सरत आला. शेवटी आठवडा उरला. आम्ही तिघी एकमेकींच्या डोळ्यांत बघायचोदेखील नाही, न जाणो कुणाला हसू फुटायचं.

त्या दुपारी बाईला यायला उशीर झाला. मी आणि पोरगी वॉर्डातच होतो. डॉक्टर पार दुसऱ्या टोकाला एकाची नाडी बघत होता. धाकटा खाटेवर बसून दाराकडे बघत होता, आणि बाई दारात दिसल्याबरोबर तो बोलला. फार मोठ्याने नाही, डॉक्टरपर्यंत पोचलंही नसतं. घरात आल्यावर पोर बोलतं तसंच. “आई.”

शपथ घेतलेली, सहा महिने दगड होऊन बसलेली ती बाई. ती रडली नाही, हसली नाही. दारातूनच, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी, तिने ओ दिली. “ओ, बाळा!”

आणि दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. सगळ्या माना वळल्या. पलीकडच्या टोकाला डॉक्टरने त्या माणसाचा हात खाली ठेवला आणि आमच्याकडे पाहिलं. पोरीने माझा दंड घट्ट धरला. मला त्या बाईचा राग येईना. लेकराने हाक मारल्यावर कुठल्या आईला ओ न देता राहवलंय?