नीरूचा शेअर आणि माझी पोटदुखी

माझी धाकटी बहीण नीरजा हेदवीला असते. तिच्या नवऱ्याची, देवदत्तांची, तिथे हापूसची कलमं आहेत. शाळेत गणितात काठावर पास होणारी ही बाई आज मोबाइलवर शेअर घेते-विकते, आणि गणितात कायम पहिली येणारी, पुढे चिपळुणात तेच गणित शिकवून निवृत्त झालेली मी, हेमा, तिच्याकडे बघत बसते. बघत कसली, जळत बसते. स्पष्टच सांगते.

त्यात आमच्या ह्यांची भर. "नीरजाला विचार, तिला कळतं त्यातलं." जेवताना नीरजा, फिरायला गेलं तरी नीरजा. एकदा म्हटलंसुद्धा, "मग तिच्याकडेच राहायला जा ना!" तर म्हणतात, "हरकत नाही, आंबे तरी मिळतील." काय बोलायचं अशा माणसाशी!

नीरू घेते ते चार-पाच रुपयांवाले, कोणी नाव न ऐकलेल्या कंपन्यांचे शेअर. त्यातला एक यंदा असा काही सुटला, की बाजार उघडला रे उघडला की वरचं सर्किट. म्हणजे एका दिवसात जेवढं चढायची मुभा आहे तेवढं चढून बसायचा, आणि घेणाऱ्यांची रांग. आमच्या निवृत्त मास्तरांच्या ग्रुपवरही त्याचाच जप. 'अजून वेळ गेलेली नाही.' 'दुप्पट होणार.' मी हेदवीला गेले. नीरू खळ्यात बसून पेट्यांत पेंढा घालत होती. सहज विचारल्यासारखं विचारलं, घेऊ का म्हणून.

"ताई, त्याला हात लावू नको," ती म्हणाली. "मी माझे काढत्येय. अगो, मुहूर्ताची पेटी असते ना, तसलं आहे ते."

आता मुहूर्ताची पेटी कोकणात कोणाला सांगायला नको. हंगामातली पहिली पेटी मुंबईच्या बाजारात वाट्टेल त्या भावाला जाते, पेपरात फोटो येतो, आणि मागून जाणाऱ्या पेट्यांना तो भाव कोणी देत नाही.

"इथे भाव फुगवणारा तो ऑपरेटर रोजच मुहूर्त काढतो," नीरू म्हणाली. "आपलेच थोडे शेअर आपल्याच माणसांना चढ्या भावाने विकायचे. भाव दिसतो, माल हलत नाही. मग गावभर बोंब झाली की सगळा माल तुझ्या-माझ्या गळ्यात घालायचा आणि चालू पडायचं. परवापासून बघ, बदाबदा माल बाहेर येतोय. तो निघालाय गो."

बोलली अगदी मुद्देसूद. पण मला ऐकू काय आलं? की हिचं पोटभर जेवून झालं आणि आता मला म्हणते, जेवण नासलंय. स्वतः एवढं कमावलंस, आणि मी घेते म्हटल्यावर बरा ऑपरेटर आला! हे मनात. तोंडाने म्हटलं, "बरं हो, तू म्हणशील तसं." आणि घरी येऊन दुसऱ्याच दिवशी घेतले.

पैसे होते वरच्या खोलीचे. पुरात आमचं घर पंख्यापर्यंत पाण्यात होतं. तेव्हाच ठरवलं होतं, वर एक खोली चढवायची, म्हणजे पुन्हा पाणी आलं तर जीव घेऊन कुठे पळायला नको. पावसाळ्याच्या आत गवंडी लागायचा होता. ह्यांना मी काहीच बोलले नाही.

थोडे दिवस शेअर चढला. अहाहा, काय ते दिवस! नीरूला फोन करून कसं म्हणायचं त्याची मी तालीमसुद्धा केली, "घाई केलीस गो विकायची." आणि मग खालचं सर्किट. रोज विकायला लावायचे, दिवसभर डोळे लावून बसायचं, गिऱ्हाईक एक नाही. ग्रुप चिडीचूप. 'दुप्पट'वाले मास्तर तर ग्रुप सोडूनच गेले.

शेवटी ह्यांना सांगावं लागलं. ओरडले असते तर परवडलं असतं. म्हणाले, "नीरजाला नव्हतं विचारलंस?" अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या. वर त्यांनीच तिला फोन करून सगळं सांगितलं.

संध्याकाळी तिचा फोन. "ताई, उद्या बाजार उघडायच्या आधीच विकायला लाव. सगळ्यांच्या आधी. विसरू नको."

"का पण?"

"लाव गो. मी सांगत्ये म्हणून लाव."

मी सांगत्ये म्हणून! धाकटीने मला शहाणपण शिकवायचं? फोन ठेवला आणि ठरवलं, उद्या लावायचेच नाहीत. सकाळी मोबाइल कपाटात टाकला आणि पापडांचं पीठ कुटत बसले.

दुपारी पुन्हा तिचा फोन. "सुटलीस ना गो?" आवाजात नुसता आनंद.

"कसली सुटले?"

"तुझे शेअर गेले ना? मीच लावले होते घ्यायला, तुझे आहेत तेवढे. तू विकणाऱ्यांच्या रांगेत पुढे असलीस तर तुझेच मला लागतील म्हटलं. मला आले, म्हणजे..." ती थांबली. "ताई, लावले होतेस ना?"

"मग सरळ सांगायचंस ना!" मी ओरडले.

"सरळ सांगितलं असतं तर घेऊ दिले असतेस मला?"

नसते दिले. जीव गेला असता तरी नसते दिले. "नाही लावले मी," म्हटलं.

आंब्याचे आलेले पैसे घालून तिने कोणा परक्याचे मेलेले शेअर घेतले होते, आणि माझे माझ्यापाशी तसेच. आता ही रडेल, आता मला बोलेल, म्हणून मी कान टवकारून उभी. लाज वाटते सांगायला, पण मला बरं वाटत होतं. एकदाची तीही बुडली, माझ्याच शेअरमध्ये बुडली.

आणि नीरू हसायला लागली. खो खो हसायला लागली. "अहो, ऐकलंत का!" तिने देवदत्तांना हाक मारली. "कोण कुठला मेला, फुकटचा सुटला हो!" मग तेही हसायला लागले. दोघांना हसू आवरेना.

एवढं घालवून वर हसता येतं मेलीला. तेही तिलाच.