इन्व्हरनेसची थंड फरशी

फेब्रुवारीत स्कॉटलंडला कोण जातं, असं लंडनच्या हॅरोतल्या आमच्या शेजारणीने विचारलं. हौस म्हणून आम्ही निघालोच नव्हतो. सुनंदाचा फोन आला होता: तू सुचवलेली जमीन गरम होत नाही, लोक क्लास सोडून चाललेत, येऊन बघ. सुनंदा माझी पुण्याची कॉलेजातली मैत्रीण. नवरा गेल्यावर तिने इन्व्हरनेसजवळ एक जुनं गोदाम भाड्याने घेतलं आणि तिथे योगवर्ग काढला. मी इमारतींच्या हीटिंगची डिझाइनं करते. उंच छप्पर, अनवाणी माणसं. रेडिएटर लावले असते तर ऊब सगळी छपराला गेली असती. म्हणून काँक्रीटच्या स्लॅबमध्ये गरम पाण्याच्या नळ्या घालायला मीच सांगितलं होतं. (माणसांची नावं बदलली आहेत, रस्त्यांची नाहीत.)

एका दिवसात गाडी हाणायचा हट्ट करू नका. एम-सिक्स मोटरवेवर आमचे निम्मे तास रस्त्याच्या कामांत गेले. कार्लाइलला मुक्काम केला. या दिवसांत बी अँड बी, म्हणजे नाश्त्यासह घरगुती खोल्या, उन्हाळ्याच्या निम्म्या भावात मिळतात आणि नाश्ता भरपेट असतो. दुसऱ्या दिवशी पिटलॉक्रीला मसुरीचं सूप प्यायलं. माझा नवरा विवेक त्यात वरून तिखट घालायला पुडी घेऊनच आला होता. पुढे ए-नाइनचा रस्ता कधी दुपदरी, कधी एकपदरी, आणि कॅमेरे सगळीकडे. ड्रमॉक्टरच्या खिंडीत दोन्ही बाजूंना पांढरे डोंगर. फार सुंदर दिसत होते, असं विवेक म्हणतो. मी वाटभर नळ्यांतलं अंतर आणि पाण्याचा दाब आठवत बसले होते.

सुनंदाने दारातच मिठी मारली. हॉलमध्ये मोजे काढून उभी राहिले तर तळवे बधिर झाले. वर्गाला चारच जणी होत्या, त्याही जॅकेट घालून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वर्ग सुटल्यावर बॉयलर तपासला. उत्तम. पंप, नळ्या, दाब, सगळं ठीक. मग भिंतीवरच्या पॅनलवर मागच्या नोंदी उघडल्या आणि डोकंच फिरलं. हीटिंग रोज संध्याकाळी बंद होत होतं आणि वर्गाच्या जरा आधी चालू. असा जाड स्लॅब तापायला अख्खा दिवस घेतो. थंडीत तो बंद करायचाच नसतो, मंद चालू ठेवायचा असतो. तुम्ही दुकानात, हॉलमध्ये असलं काही करणार असाल तर एवढं एक लक्षात ठेवा. आणि या सगळ्या आज्ञा येत होत्या फोनवरून. तो फोन होता सुनंदाच्या मुलाचा, निखिलचा. बिलावर नजर ठेवायला म्हणून तिनेच त्याला ॲप जोडून दिलं होतं. तो ब्रिस्टलला विमानांच्या कारखान्यात इंजिनियर आहे. त्याला स्लॅब कळत नाही, हे मला पटेना.

गाडीत बसून त्याला फोन लावला. आधी त्याने एनर्जी बिलाचं पालुपद लावलं. मग मी स्लॅबचं विचारलं.

"मावशी, I know how a slab works," तो त्याच्या इकडच्या मोडक्या मराठीत म्हणाला. "आई तिकडे एकटा राहते. मागच्या विंटरला ती कार पार्कमध्ये पडला, मला नेबरने सांगितलं. कितीदा सांगितलं ब्रिस्टलला ये, ती ऐकत नाही. क्लास आपोआप बंद झाला तर it's nobody's fault."

"फॉल्ट माझा होतो, निखिल."

"Sorry. पण मुलांना पण कोणीतरी पाहिजे ना घरी. नर्सरी आम्हाला परवडत नाही."

काळजी खरी होती, आणि सोयही खरी. मला त्या सोयीचा संताप आला, अजूनही येतो.

स्वयंपाकघरात सुनंदा पिठलं ढवळत होती. मी सगळं सांगून टाकलं. तिने गॅस बारीक केला.

"माहितीये मला," ती म्हणाली. "मी इकडून चालू करायचे, तो तिकडून बंद करायचा."

"मग मला एवढ्या लांब का बोलावलंस?"

"वाटलं, तू म्हणशील, जमीनच बिघडलीये. मग मला तसं मानता आलं असतं गं."

जेवताना तिने आणखी एक मागितलं: कुणी विचारलं तर जमिनीचंच नाव राहू दे. मुलाचं नको.

परतीचा रस्ता तोच होता, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. महिन्याभरात सुनंदाने गोदाम सोडलं. इथल्या मराठी लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकला की हीटिंगने दगा दिला, आता नातवंडांत रमणार. खाली हात जोडलेले इमोजी पुष्कळ. आता ती ब्रिस्टलला निखिलची मुलं सांभाळते. फोनवर खुशाल आहे म्हणते, आणि लवकर ठेवते.

गेल्या आठवड्यात हॅरोतल्या आमच्या मराठी मंडळाच्या नव्या हॉलची मीटिंग झाली. लोक जमिनीवर बसणार, तेव्हा खालून ऊब हवी, असं मी सुचवलं. मीटिंगला आलेले एक निवृत्त डॉक्टर म्हणाले, "अहो, तुमच्या त्या मैत्रिणीकडे हेच फसलं ना?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी हो म्हणाले.

हॉलला रेडिएटर लागणार आहेत.