फुआतिनोचा गोऱ्हा

फुआतिनोबद्दल बेटावरच्या त्या गावात दोन गोष्टी बोलल्या जातात. एक, ती नवऱ्यापेक्षा गोऱ्ह्याशी जास्त बोलते. दुसरी, गोऱ्हा तिचं ऐकतो. गाव खोटं बोलत नाही, फक्त थोडं वाढवतं. इथे तेवढीही गरज पडली नाही.

नवरा सोलोमोना. त्याला साखरेचा आजार. गेल्या वर्षी उजव्या पायाचा अंगठा गेला, आणि आता शेजारच्या बोटावरची जखम भरायचं नाव घेईना. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी त्याच्याकडे नाही, थेट फुआतिनोकडे पाहून सांगितलं, "डबाबंद बीफ बंद. नुसती चरबी आणि मीठ. मांस खायचंच असेल तर गवतावर वाढलेल्या जनावराचं, तेही बेतानं. नाहीतर हेही बोट जाईल."

आता डबा म्हणजे सोलोमोनाचं दैवत. ऑकलंडला असलेला मुलगा दर नाताळला डब्यांच्या पेट्या पाठवायचा. डबा उघडताना या माणसाचे डोळे असे मिटत, की प्रार्थनेला कधी मिटले नसतील. दवाखान्यातून परतल्यावर त्याने बायकोला शपथेवर सांगितलं, "संपले सगळे."

फुआतिनोने ऐकून घेतलं. गोऱ्ह्याकडे गेली.

माडांच्या बनात तो चरत असे. खाली पोटरीएवढं गवत, वर झावळ्या, मधे हिरवट उजेड. दुपारी समुद्राकडून वारा आला की गवत झोपे, उठे, पुन्हा झोपे. ती माडाला पाठ लावून बसायची आणि त्याचं रवंथ ऐकायची. ऐकता ऐकता तिला वाटे, हे गवत गोऱ्ह्यातून हळूहळू पुढे निघालंय, घराकडे, ताटाकडे, सोलोमोनाच्या पायाकडे. आणि एक दिवस त्या जखमेवर कोवळं, हिरवं काही उगवेल. मग डोळा लागे. जाग येई तेव्हा सावल्या समुद्रापर्यंत पोचलेल्या असत.

"चांगलं खा रे बाबा," ती त्याला म्हणे. "तुझ्यावर माझा म्हातारा उभा राहायचाय."

पण दाव्याला बांधलेला गोऱ्हा साऱ्या गावाला दिसतो. जाणारा-येणारा प्रत्येकजण मनातल्या मनात त्याचे वाटे पाडत जातो. शेजारीण पेपे तर उघडच विचारायची, "काय गं, बरगड्या कुणाच्या?"

"तुझ्या नाहीत, एवढं नक्की."

आणि मग जे व्हायचं तेच झालं. चर्चच्या पाळकबाबांचं नवं घर उभं राहिलं. घरप्रवेशाला प्रत्येक कुटुंबाने काहीतरी न्यायचं. सोलोमोनाचा थोरला भाऊ तुआला घराण्याचा मुखिया. तो येऊन चटईवर बसला, नारळपाणी प्यायला, हवापाण्याचं बोलला आणि शेवटी बनाकडे बघत राहिला.

"गोऱ्हा छान भरलाय," तो म्हणाला.

"भरलाय भावजी," फुआतिनो म्हणाली. "तुमच्या भावाच्या औषधासाठी."

"औषध दुकानात मिळतं गं. घराण्याचं नाव मिळत नाही. एकतर गोऱ्हा, नाहीतर डब्यांच्या दोन पेट्या. रिकाम्या हाताने मी पाळकबाबांच्या दारात जाणार नाही."

सोलोमोना घाईने म्हणाला, "गोऱ्हाच देऊ. डबे कुठून आणायचे आता?"

फुआतिनोने त्याच्याकडे पाहिलं. मग उठली. घरामागे त्याची जुनी होडी पालथी पडली होती, वर्षभरात पाण्यात न गेलेली. तिने ती एका अंगाला कलती केली आणि खालून एकेक करून दोन पेट्या ओढत आणल्या. एक फोडलेली होती.

"हे काय?" तुआला म्हणाला.

"तुमच्या भावाची भक्ती. पाळकबाबांसाठी लपवून ठेवले होते, कुणाला कळू नये म्हणून. हो ना रे?"

सोलोमोनाने हळूच मान हलवली. नाही म्हणावं तर शपथ खोटी, हो म्हणावं तर डबे गेले.

"चार कमी दिसतात," तुआला म्हणाला.

"ते भक्तीच्या पोटात गेले," फुआतिनो म्हणाली. "तेवढे मी पेपेकडून मागून आणते."

चार डब्यांच्या बदल्यात पेपेने बरगड्या मागितल्या. कबूल झाल्या.

घरप्रवेशाच्या दिवशी आहेर पुकारणारा अंगणाच्या मधोमध उभा राहिला आणि समुद्रापार जाईल अशा आवाजात ओरडला, "सोलोमोनाच्या घरून, बीफच्या भरल्या दोन पेट्या!" माणसांनी माना डोलावल्या. सोलोमोनाची छाती फुगली आणि नजर पेट्यांमागे थेट पाळकबाबांच्या कोठीपर्यंत गेली.

पुढच्या शनिवारी गोऱ्हा कापला. फुआतिनो आदल्या दिवशी बनात गेली होती. काय बोलली ते पेपेलाही कळलं नाही. मागचा पाय तुआलाकडे गेला, पाठीचा तुकडा पाळकबाबांकडे, बरगड्या ठरल्या घरी. उरलेलं फुआतिनोच्या बहिणीच्या दुकानातल्या फ्रीजरमध्ये.

रविवारी चर्चहून आल्यावर तापल्या दगडांवर भाजायला ठेवलेल्या मांसावरची पानं उघडली. सोलोमोनाने एक तुकडा तोंडात टाकला आणि चावत राहिला. बराच वेळ. झावळ्या सळसळत होत्या, गावभर जेवणानंतरची सुस्ती उतरत होती.

"चावावं लागतं हे," तो शेवटी म्हणाला.

"दात अजून सगळे आहेत तुझे," फुआतिनो म्हणाली. "बोटंच काय ती कमी."

त्याने डोळे मिटले आणि पान पुढे सरकवलं. तिने दुसरा तुकडा वाढला, पहिल्यापेक्षा लहान.