अहवाल कोणाला पाठवायचा

भीती माझ्याबरोबर रोज सकाळी सात दहाला ऐरोलीच्या स्टॉपवर उभी असे आणि कंपनीच्या बसमध्ये माझ्याआधी चढे. खिडकीची जागा तिची. मी आपला कडेला, मांडीवर डबा घेऊन. बाकीचे लोक सव्वा तास घोरत न्हावा शेव्याला पोचत. आम्ही दोघं जागे.

कारण सांगतो. माल परदेशी धाडणाऱ्यांची कागदपत्रं तयार करायचं आमचं ऑफिस. इन्व्हॉइस वाचायचं आणि त्यातला मजकूर कस्टम्सच्या फॉर्ममध्ये भरायचा, हे काम मी सव्वीस वर्षं केलं. शेजारच्या खुर्चीवर माझ्याच वयाचा माझा मित्र तेच काम करी. तो बंदराजवळच्या गावातला. त्याच्या आजाच्या मिठागरावर आता कंटेनर उभे आहेत, आणि त्यातल्या प्रत्येकाकडे तो भाडं थकवलेल्या भाडेकरूकडे बघावं तसा बघतो.

एका सोमवारी मॅडमनी आम्हा दोघांना बोलावलं. मॅडम आमच्याहून वीस वर्षांनी लहान, त्यामुळे आम्हाला काका म्हणतात आणि मग सांगायचं ते सांगतात.

"काका, पुढच्या महिन्यापासून फॉर्म एआय भरणार. तपासायला इथे एक माणूस ठेवायचाय. दुसऱ्याला यार्डात जावं लागेल. बसमध्ये एवढा वेळ असतो तुमचा, मोबाइलवर एआय शिकायची ॲप्स आहेत. बघा जरा."

यार्ड म्हणजे उन्हात कंटेनरांच्या रांगांमधून दिवसभर चालायचं आणि दारांवरच्या सीलचे नंबर कागदाशी जुळवायचे. माझा उजवा गुडघा दोन जिने चढला की सगळ्या मजल्याला ऐकू जातो. यार्डात मी आठवडाभर टिकलो नसतो.

त्या संध्याकाळी बसमध्ये मित्र म्हणाला, "आपन काय शिकनार रं या वयात? उलटा आपनच त्या मशीनला शिकवू." मी मोठ्यानं हसलो. हसता हसता ठरवून टाकलं की उद्यापासून शिकायचं, आणि याला कळू द्यायचं नाही.

सोय अशी होती की तो उलव्याला चढायचा. ऐरोली ते उलवे मी विद्यार्थी. उलवे दिसलं की फोन खिशात आणि चेहऱ्यावर असा भोळेपणा, की गावच्या नाटकात मला विदूषकाऐवजी संताचं काम मिळालं असतं.

ॲप निवडायला आठवडा गेला. पहिल्यात एक गुबगुबीत अस्वल होतं. उत्तर बरोबर आलं की ते नाचायचं आणि चुकलं की रडायचं. तीन दिवसांत ते रडून रडून इतकं सुजलं की मला त्याच्या प्रकृतीची काळजी वाटायला लागली. दुसऱ्यात एक तरुण फळ्यावर गणितं सोडवत होता. बस खड्ड्यात गेली की अक्षरं उडत आणि माझा चहा घशाशी येई. तिसरं ॲप बस जरा पुलाखाली गेली की गोल गोल फिरत बसायचं. तेव्हा मी तीन अटी ठरवल्या: धडा आधी घरी फोनमध्ये उतरवून ठेवता आला पाहिजे, डोळे मिटून ऐकता आला पाहिजे आणि दोन सिग्नलांच्या मध्ये संपला पाहिजे. चौथं ॲप या तिन्हींत बसलं. त्यातल्या बाई मराठीत आणि सावकाश बोलत, ताप आलेल्या माणसाशी बोलावं तशा.

त्या ॲपनं सुरुवातीला एक फॉर्म दिला. आता आमच्या धंद्यातल्या माणसापुढे फॉर्म ठेवणं म्हणजे काय, हे समजून घ्या. रिकामा रकाना दिसला की आमचा हात आपोआप पेनाकडे जातो. एक जागा मोकळी राहिली म्हणून माल बंदरात अडकलेला आम्ही पाहिलाय. शिवाय आमच्या प्रत्येक कागदात एक रकाना असतो: माल पोचल्यावर कोणाला कळवायचं. ॲपच्या फॉर्मात शेवटी विचारलं होतं, 'प्रगती कोणाला कळवायची?' खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ऐच्छिक. माझ्या बोटांनी, मला न विचारता, सव्वीस वर्षांच्या सवयीनं ऑफिसचा ईमेल टाकला. तोच ईमेल, जो सकाळी सगळ्यात आधी मॅडम उघडतात.

हे मला नऊ दिवसांनी कळलं. बस बेलापूरच्या सिग्नलला उभी होती आणि पडद्यावर एक हिरवी पट्टी आली: 'आजचा अहवाल तुमच्या पालकांना पाठवला आहे.' मी आधीचे अहवाल उघडले. दहापैकी दोन. दहापैकी तीन. 'पाल्य एकच धडा चौथ्यांदा ऐकत आहे.' 'पाल्याचे लक्ष विचलित होते. कृपया त्याला प्रोत्साहन द्या.'

उतरून परत घरी जावं असं वाटलं, पण तेवढ्यात सिग्नल सुटला. उलवे आलं, मित्र चढला, आणि त्या दिवशी भोळा चेहरा करायचं राहून गेलं.

"काय झाला रं? तोंड असा का केलायस? छातीन दुखतंय का?"

मी फोन त्याच्या हातात दिला. त्यानं पहिला अहवाल वाचला, दुसरा वाचला, आणि इतका हसला की ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं.

"मॅडम तुझी आय झाली," तो डोळे पुसत म्हणाला. मग थांबला. "म्हंजे तू शिकतोस. मना न सांगता."

"तू शिकत नाहीस?"

"मी कशाला शिकू? मना कोन काढनार हाय?"

त्यानंतर तो ऑफिस येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिला. आणि त्याही क्षणी मला त्याच्यापेक्षा स्वतःच्या गुडघ्याची जास्त चिंता होती, हे कबूल करतो.

अकरा वाजता मॅडमनी मला आत बोलावलं. टेबलावर नऊच्या नऊ अहवाल छापून ठेवले होते.

"काका, पालक म्हणून मी कुठे सही करायची?"

मला हसता आलं नाही. मी एवढंच म्हणालो, "मार्क वाढतील मॅडम."

"मार्क वाईटच आहेत. पण मी ते ॲप उघडून पाहिलं, कळवायचा रकाना ऐच्छिक होता. का भरलात?"

"रिकामा ठेवायची भीती वाटली."

त्यांनी कागद गोळा केले. "सॉफ्टवेअरला भीती वाटत नाही. माहीत नसलं तरी ठोकून देतं काहीतरी. तुमच्या मित्रालाही कशाची भीती वाटत नाही. तपासायला घाबरणारा माणूस हवा. तुम्ही बसा."

मित्र एक तारखेला यार्डात गेला. जाताना माझ्या टेबलापाशी थांबला. "बस आता गारव्यात," म्हणाला आणि माझा पाण्याचा जग उचलून घेऊन गेला. मी तो परत मागितला नाही.

त्याच दिवशी साडेनऊला यंत्रानं पहिला फॉर्म भरला. मी चष्मा पुसून तो ओळीओळीनं वाचला. चूक नव्हती. दुसऱ्यातही नव्हती. विसाव्या फॉर्मपर्यंत मी एकेक आकडा बोटानं दाबून बघत होतो, आणि अशी प्रार्थना करत होतो जी आयुष्यात कधी केली नव्हती: देवा, कुठेतरी एक तरी चूक असू दे. जेवायच्या सुट्टीत मी उठलो नाही. तीन वाजता मॅडम दारात आल्या.

"काही सापडलं, काका?"

"बघतोय," मी म्हणालो, आणि पहिला फॉर्म पुन्हा समोर ओढला.